लग्नाचे चित्रण आणि त्याची साधने

लग्नाची शूटिंग हा व्याख्यानाचा विषय होऊ शकतो काय, अशी शंका काही मंडळींना येईल. ज्या व्यासपीठावर संतवाङ्मय, शेती, राज्यघटना अशा विषयांवर बोलावयाचे, तेथे व्हिडिओवाल्याच्या कॅमेऱ्याचे काय काम? आमचे उत्तर साधे आहे. आज साकोलीतच काय, आसपासच्या खेड्यांतही लग्नाची एखादी कॅसेट, सीडी किंवा पेनड्राइव्ह कपाटात नाही, असे घर शोधावे लागेल. आजोबांचा फोटो भिंतीवर असतो. परंतु त्यांचे चालणे, हसणे, कोणाला तरी हाक मारणे हे कोठे उरले असेल, तर ते मुलाच्या किंवा मुलीच्या लग्नाच्या चित्रणात. अशी वस्तू कशी तयार होते, तिला कोणती यंत्रे लागतात आणि ती टिकते किती, ह्याची माहिती पैसे मोजणाऱ्या गृहस्थाला असू नये, हे बरे नव्हे. मांडवाचे कापड तो हाताने चाचपून पाहतो, आचाऱ्याशी तेलाच्या डब्यांवरून तासभर वाद घालतो, चित्रणाचा ठराव मात्र “कॅमेरा फोर-के आहे ना?” एवढ्या एका प्रश्नात उरकतो.

चालते चित्र टिपण्याचा उद्योग आपल्याकडे सुरू केला तोही एका मराठी माणसानेच. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ७ जुलै १८९६ रोजी ल्युमिए बंधूंच्या फिती दाखविण्यात आल्या. त्या पाहून हरिश्चंद्र सखाराम भाटवडेकर ऊर्फ सावेदादा ह्या छायाचित्रकाराने विलायतेहून कॅमेरा मागविला आणि १८९९ साली हँगिंग गार्डनमध्ये झालेली एक कुस्ती टिपली. फीत धुण्यासाठी विलायतेस धाडावी लागली. १९०१ साली रँग्लर रघुनाथ पुरुषोत्तम परांजपे केंब्रिजहून परतले, तेव्हा त्यांच्या स्वागताचेही चित्रण भाटवडेकरांनी केले. पुढे १९१३ साली दादासाहेब फाळक्यांचा ‘राजा हरिश्चंद्र’ पडद्यावर आला. ह्या दोघांच्या कामांत एक मूलभूत भेद आहे. फाळक्यांना एखादा प्रसंग मनासारखा उतरला नाही, तर नटांना पुन्हा उभे करता येत होते. भाटवडेकरांना मल्लांना सांगता येत नव्हते, की “तो डाव जरा पुन्हा टाका.”

लग्नाचे चित्रण भाटवडेकरांच्या जातीचे आहे, फाळक्यांच्या नव्हे. अंतरपाट एकदाच दूर होतो. मुलगी निघताना बाप तोंड फिरवून मांडवाच्या खांबाशी उभा राहतो, तेही एकदाच. हल्ली ह्या धंद्यात ‘ट्रॅडिशनल’ आणि ‘सिनेमॅटिक’ असे दोन प्रकार बोलले जातात. सिनेमॅटिकवाला नवरदेवाला घोड्यावरून दोनदा उतरवतो, हार काढून पुन्हा घालावयास लावतो आणि गुरुजींना थांबवून ठेवतो. ज्यांना ते आवडते त्यांनी ते अवश्य करावे; त्यातील काही कामे डोळ्यांना सुखावतात, हे आम्ही नाकारीत नाही. परंतु साधने निवडताना कसोटी एकच धरावी, असे आमचे मत आहे. ज्या क्षणी पुन्हा मागता येणार नाही असे काही घडत असेल, त्या क्षणी ह्या यंत्राने दगा देता कामा नये. यंत्राच्या खोक्यावर छापलेले आकडे ह्या कसोटीला फारसे उपयोगी पडत नाहीत.

मागील इतिहास थोडक्यात पाहू. व्हीएचएस कॅसेट जपानमध्ये १९७६ साली आली. १९८२च्या आशियाई खेळांच्या निमित्ताने आपल्याकडे रंगीत दूरदर्शन सुरू झाले आणि पाठोपाठ व्हीसीआर आले, विकत नाही तर भाड्याने. मांडवात खांद्यावरचा मोठा कॅमेरा आणि त्याच्यामागे वायर ओढीत हॅलोजन धरणारा पोरगा, ही जोडी त्यानंतरची. १९९५ साली मिनीडीव्ही ही अंकीय कॅसेट निघाली. २००८ साली निकॉन डी-९० आणि कॅनन फाइव्ह-डी मार्क टू ह्या फोटोच्या कॅमेऱ्यांतूनच व्हिडिओ घेता येऊ लागला आणि धंद्याचे रूपच पालटले. आता बहुतेक ठिकाणी त्यांची आरसा नसलेली धाकटी भावंडे, म्हणजे मिररलेस कॅमेरे, दिसतात.

फोर-केचा मोह प्रथम बाजूला करू. पूर्ण एचडी चित्रात १९२० गुणिले १०८० बिंदू असतात. फोर-केमध्ये ३८४० गुणिले २१६०, म्हणजे बरोबर चौपट. एवढे बिंदू असले, की मिक्सिंगच्या वेळी चित्राचा एखादा भाग कापून मोठा करता येतो, हा खरा लाभ. पण अंधुक उजेडात घेतलेले फोर-के चित्र हे चौपट बारकाईने टिपलेले अंधुक चित्रच असते. आपल्याकडील लग्ने पुष्कळदा सायंकाळी लागतात. पत्रिकेत गोरज मुहूर्त छापलेला असतो, आणि वरात नाचत नाचत मांडवात पोचेपर्यंत चांदण्या निघतात. तेव्हा कॅमेऱ्याविषयी पहिला प्रश्न विचारावयाचा तो त्याला कमी उजेडात किती दिसते हा.

उजेड आत येतो तो लेन्सच्या छिद्रातून. छिद्राचा आकडा जितका लहान, तितके छिद्र मोठे. एफ-४पेक्षा एफ-२.८ला दुप्पट उजेड मिळतो. मग एफ-१.८ची लेन्स घेतली की काम झाले, असे दुकानदार सांगतो. येथे एक अडचण आहे, आणि तिच्याकडे फार थोड्यांचे लक्ष जाते. छिद्र मोठे केले, की स्पष्ट दिसणाऱ्या भागाची खोली कमी होते. मोठ्या सेन्सरच्या, म्हणजे ३६ गुणिले २४ मिलिमीटरच्या कॅमेऱ्यावर ५० मिलिमीटरची लेन्स लावून तीन मीटरवरची नवरी एफ-१.८ला टिपली, तर सुमारे ४० सेंटिमीटरचा पट्टा तेवढा स्पष्ट येतो. नवरीचा चेहरा सुरेख येतो. तिच्या मागे उभी असलेली आई, मामा आणि आत्या धुक्यात जातात. ह्या धुक्यालाच आज सौंदर्य म्हणतात. तीस वर्षांनी हे चित्रण लावून बसणारी माणसे नेमकी त्या धुक्यातल्या माणसांना शोधणार आहेत. तोच आकडा एफ-५.६ केला, तर स्पष्ट पट्टा सव्वा मीटरपर्यंत वाढतो आणि मामा चित्रात येतो; पण उजेड जवळजवळ दहापट जास्त लागतो. म्हणून लेन्सवर सगळा खर्च करण्यापूर्वी उजेडावर थोडा खर्च करावा. दोन चांगले एलईडी दिवे उंच स्टँडवर लावून पांढऱ्या कापडावरून परतवले, तर माणसांचे डोळे दिपत नाहीत आणि लेन्सचे छिद्र आवरते घेता येते.

ह्याच दिव्यांची आणखी एक खोड आहे. आपल्या विजेचा प्रवाह सेकंदाला ५० आवर्तने करतो, त्यामुळे ट्यूब आणि स्वस्तातले एलईडी सेकंदाला १०० वेळा मिणमिणतात. डोळ्यांना ते कळत नाही, कॅमेऱ्याला कळते. पुष्कळ कॅमेरे अमेरिकेच्या मानाने सेकंदाला ३० चित्रे आणि १/६० सेकंद अशा बेताने लावलेले असतात. ते तसेच वापरले, की चित्रातून काळे पट्टे सरकू लागतात. आपल्याकडे सेकंदाला २५ किंवा ५० चित्रे आणि शटर १/५० किंवा १/१०० असेच असावे. वीज गेली आणि जनरेटर सुरू झाला, तर त्याची आवर्तने नेमकी ५० असतीलच असे नाही. म्हणून ज्या कॅमेऱ्यात शटरचा वेग बारीक बारीक बदलता येतो, तो खेड्यांत हिंडणाऱ्याने पसंत करावा.

रंगाचेही तसेच आहे. दिवसाच्या लग्नात मांडवाच्या लाल-पिवळ्या कापडातून गाळून येणारा उजेड सर्वांच्या चेहऱ्यांवर तोच रंग चढवितो. कॅमेऱ्याला आपोआप रंग ठरवू दिले, तर पिवळी अष्टपुत्री नेसलेली नवरी चित्रात आली, की तो गोंधळतो आणि बाकीचे सगळे निळसर करून टाकतो. मांडवात गेल्यावर एखादे पांढरे कापड समोर धरून रंगाचे माप एकदा पक्के करून घ्यावे. गुरुजींच्या धोतरानेही काम भागते, मात्र ते खरोखर पांढरे असले पाहिजे.

आता उन्हाळा. धान कापून, मळून मोकळे झाल्यावर आणि मृगाच्या आधी, वैशाख-ज्येष्ठात लग्नांची दाटी होते. त्या दिवसांत भंडारा जिल्ह्यात पारा ४५ अंशांपर्यंत जातो. बहुतेक मिररलेस कॅमेऱ्यांच्या पुस्तिकेत वापराची मर्यादा शून्य ते ४० अंश सेल्सिअस अशी दिलेली असते. म्हणजे मे महिन्याच्या दुपारी पत्र्याच्या सभागृहात उभा राहिलेला आपला व्हिडिओवाला यंत्राची लेखी मर्यादा ओलांडूनच काम करीत असतो. लहान शरीराच्या ह्या यंत्रांत पुष्कळदा पंखा नसतो. फोर-के चित्रण लांबले, की आतील तुकडा तापतो आणि यंत्र स्वतःला वाचविण्यासाठी बंद पडते. ते नेमके मंगलाष्टकांच्या वेळी बंद पडते, ह्यात दैवाचा हात नाही. दुपारभर तापत तापत त्याची ती वेळ येते. ह्यावर उपाय म्हणजे दुपारचे काम पूर्ण एचडीत करावे, मागचा पडदा अंगापासून उघडून ठेवावा, मधल्या वेळी यंत्र बंद करून सावलीत ठेवावे आणि बॅटऱ्या उन्हात उभ्या केलेल्या गाडीत विसरू नयेत. खरेदीच करावयाची असेल, तर आत पंखा असलेले यंत्र घ्यावे. थोडे जड असते, पण तासन् तास चालते.

तासन् तास चालण्यावरून एक मौजेची गोष्ट सांगितली पाहिजे. अनेक फोटोच्या कॅमेऱ्यांत २९ मिनिटे ५९ सेकंद झाली, की चित्रण आपोआप थांबत असे. ह्याचे एक मोठे कारण जकातीचे होते. युरोपात अर्धा तास किंवा जास्त चित्रण करणारे यंत्र व्हिडिओ कॅमेरा समजून त्यावर जादा कर बसे; तो चुकविण्यासाठी कारखानदारांनी एक सेकंद अलीकडे कुलूप घातले. ब्रुसेल्समधील जकातदारासाठी बसविलेल्या ह्या कुलपामुळे साकोलीच्या मांडवात सप्तपदी अर्धी राहावी, हे आजच्या जगाचे एक लहानसे चित्र आहे. नव्या यंत्रांतून ही मर्यादा पुष्कळशी गेली आहे. परंतु सेकंडहँड घेताना तिची चौकशी अवश्य करावी.

एक यंत्र की दोन, ह्याविषयी आमचे मत ठाम आहे. नागपूर येथून शंभर किलोमीटरच्या आसपास आहे. लग्नाच्या दिवशी यंत्र बिघडले, तर महामार्गाने धावत जाऊन दुसरे आणीपर्यंत पाठवणी होऊन जाते. म्हणून एका भारी कॅमेऱ्याऐवजी एकाच जातीचे दोन मध्यम कॅमेरे घ्यावेत. बॅटऱ्या, कार्डे आणि लेन्सा एकमेकांना चालतात आणि रंगही जुळतात. त्यांतील एक मागे, उंच स्टँडवर, संपूर्ण बोहले दिसेल असा लावून ठेवावा आणि मंगलाष्टके संपेपर्यंत त्याला हात लावू नये. दुसरा हातात घेऊन हिंडावे. हातातल्याने काही चुकवले, तरी उभ्याने सर्व पाहिलेले असते. मागे लांबवर उभे राहावयाचे तर वीसपट झूमचा साधा कॅमकॉर्डरही उत्तम. आज तो जुनाट मानला जातो, पण तो तापत नाही, हलत नाही आणि मुख्य म्हणजे पाहुण्यांच्या आड येत नाही. अक्षता हातात घेऊन आलेल्या माणसांना वधूवरांऐवजी चार कॅमेरेवाल्यांच्या पाठी दिसाव्यात, ही रीत कोणी पाडली कोण जाणे.

ड्रोनविषयी दोन वाक्ये पुरेत. २०२१च्या ड्रोन नियमांप्रमाणे २५० ग्रॅमपेक्षा जड ड्रोन धंद्यासाठी उडवावयाचा, तर त्याची नोंदणी आणि उडविणाऱ्याचे प्रमाणपत्र लागते. नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प आपल्या शेजारीच आहे. त्या जंगलावर वनखात्याच्या परवानगीवाचून वरातीचा ड्रोन नेण्याचे धाडस कोणी करू नये.

आता ज्याला आम्ही चित्राइतकेच, किंबहुना चित्राहून जास्त महत्त्व देतो, त्या आवाजाकडे वळू. झाडीपट्टीच्या नाटकाला रात्रभर बसणाऱ्या रसिकांना हे समजावून सांगण्याचे कारण नाही. पडदा रंगाने उणा असला तर चालतो, संवाद ऐकू आला नाही तर लोक उठून जातात. आपल्याकडे मंगलाष्टके गुरुजी म्हणतातच; त्यांच्याशिवाय मावशी, आत्या, शाळामास्तर काका वधूवरांची नावे गुंफून स्वतः रचलेली मंगलाष्टके कागदावरून म्हणतात. ती रचना कोठे छापली जात नाही. तो कागद त्याच रात्री आहेराच्या कागदांत हरवतो. एका घराचे सगळे वाङ्मय त्या चार कडव्यांत असते, आणि ते राहते फक्त चित्रणात. तेथे ऐकू काय येते? बँडची ट्रम्पेट, पंख्याची घरघर आणि कॅमेऱ्याजवळ उभ्या असलेल्या कोणाचे तरी “अरे, जेवणं सुरू झाली का?”

ह्याचे कारण अंतर. आवाजाच्या उगमापासूनचे अंतर दुप्पट झाले, की त्याची तीव्रता चौथाई उरते. कॅमेऱ्यावरचा माइक बोहल्यापासून पाच मीटरवर असेल आणि दुसरा माइक गुरुजींच्या उपरण्याला, तोंडापासून पाव मीटरवर असेल, तर अंतरात वीसपट आणि तीव्रतेत चारशेपट फरक पडतो. कितीही महाग कॅमेरा हा फरक भरून काढू शकत नाही. तो भरून निघतो उपरण्याला लावलेल्या बोटभर माइकाने. म्हणून कॉलरचा एक माइक आणि खिशात मावणारा एक रेकॉर्डर गुरुजींकडे द्यावा, दुसरा रेकॉर्डर लाउडस्पीकरवाल्याच्या मिक्सरला जोडावा. मिक्सरमधून येणारा संकेत माइकच्या संकेतापेक्षा पुष्कळ जोरकस असतो. रेकॉर्डर ‘लाइन’वर ठेवला नाही, तर सगळा आवाज फाटतो, आणि फाटलेला आवाज नंतर शिवता येत नाही. आवाजाची पातळी आपोआप ठरविण्याची सोय बंद करावी. ती शांततेत पंख्याचा आवाज उचलते आणि बँड वाजताच सगळ्यांचे गळे दाबते. हल्ली ३२-बिट फ्लोट पद्धतीचे रेकॉर्डर निघाले आहेत. त्यांत कुजबुज आणि ढोल दोन्ही न फाटता राहतात, पुढे पातळी जुळवून घेता येते. नव्याने धंद्यात पडणाऱ्या तरुणाने दुसरी लेन्स घेण्याच्या आधी हे घ्यावे, असा आमचा आग्रह आहे.

चित्रण झाले, पुढे काय? सेकंदाला १०० मेगाबिट ह्या मानाने फोर-के चित्रण ताशी ४५ गिगाबाइट जागा घेते. दोन कॅमेरे सहा तास चालले, तर ५४० गिगाबाइट झाले. ही जागा परवडत नाही म्हणून मूळ चित्रण महिन्या-दोन महिन्यांत पुसले जाते आणि घरी येते ती गाण्यांवर कापलेली फाइल. दोन कार्डांच्या कप्प्यांचा कॅमेरा निवडावा आणि दोन्हींवर एकाच वेळी नोंद करावी. कार्ड एकाएकी मरते तेव्हा पूर्वसूचना देत नाही. त्याच रात्री सर्व चित्रण दोन निरनिराळ्या हार्ड डिस्कांवर उतरवावे आणि त्यांतील एक दुसऱ्या घरात ठेवावी. एकाच कपाटातल्या दोन प्रती चोरालाही एकदमच सापडतात आणि आगीलाही.

गृहस्थांनी आपला हक्कही जाणून घ्यावा. १९५७च्या कॉपीराइट कायद्याचे १७ वे कलम असे सांगते, की मोबदला देऊन कोणी चित्रपट करवून घेतला, तर उलट करार नसल्यास त्याचा पहिला मालक करवून घेणारा असतो. तेव्हा कापाकापी न केलेले मूळ चित्रणही आपणांस मिळेल, ही अट ठरावाच्या वेळीच कागदावर लिहून घ्यावी, आणि डिस्क आपण पुरवावी. तसेच आपल्या लेकीच्या हळदीचे चित्रण आपल्याला विचारल्याशिवाय जाहिरातीसाठी मोबाइलवर फिरणार नाही, हेही त्याच कागदावर असू द्यावे. प्रामाणिक व्यावसायिकाला ह्यात राग येण्यासारखे काही नाही.

शेवटी, आधीच कपाटात असलेल्या कॅसेटींविषयी. फुनाई ह्या जपानी कंपनीने जुलै २०१६ अखेर व्हीसीआर बनविणे थांबविले. त्यानंतर जगात नवे यंत्र कोणी काढीत नाही. म्हणजे चालू स्थितीतले व्हीसीआर वर्षागणिक कमी होत जाणार, आणि फितीवरील चुंबकीय थरही झिजत जाणार. कॅसेटच्या काचेतून पांढरी बुरशी दिसली, तर ती व्हीसीआरमध्ये मुळीच घालू नये. फीत अडकून तुटते आणि यंत्राचे डोके खराब होऊन पुढची कॅसेटही नासते. ती जाणत्याकडून आधी साफ करवून घ्यावी. चांगली कॅसेट एकदा पुढे आणि एकदा मागे पूर्ण गुंडाळून मग लावावी, आणि पहिल्याच फेरीत संगणकावर उतरवून घ्यावी, कारण दुसरी फेरी मिळेलच असे नाही. घरी लिहिलेल्या सीडी-डीव्हीडींचा रंगथर विटतो, त्यांनाही थांबवून ठेवू नये. फाइल तयार झाली, की घरातील सर्वांत वडीलधारे माणूस समोर बसवावे, चित्रण थांबवीत थांबवीत दाखवावे आणि कोणत्या मिनिटाला कोण दिसते, कोणाचे कोण, कोणत्या गावचे, हे वहीत लिहून घ्यावे. ती वही डिस्कच्या डब्यात ठेवावी आणि तिचीही एक प्रत दुसऱ्या घरी द्यावी.